जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल : तळटिपा वाचायच्या की सोडायच्या?

पानखूण

मंडळी, सुझॅना क्लार्क यांच्या 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' (२००४) या दोन इंग्रज जादूगारांवरच्या कादंबरीबद्दल विचारायचं आहे. १३वं प्रकरण संपलंय, म्हणजे थ्रेडनीडल स्ट्रीटवर पिवळ्या पडद्याआड बसणारा रस्त्यावरचा जादूगार विंक्युलस नॉरेलच्या घरात घुसून भविष्यवाणी ऐकवतो तिथवर. भाषा आवडते आहे, पण तीन अडचणी आहेत.

एक, शीर्षकात ज्याचं नाव आधी, त्या स्ट्रेंजचा अजून पत्ता नाही. दोन, तळटिपा. ई-रीडरवर दर दोन मिनिटांनी उडी मारून परत यावं लागतं आणि मूळ वाक्य हातातून निसटतं. बहुतेक टिपा तर अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांबद्दल आहेत. त्या सोडल्या तर काही बिघडेल का? तीन, सगळे म्हणतात की पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो. आत्तापर्यंत तरी गंमतच जास्त आहे : भांडकुदळ विद्वान, दिवाणखान्यातल्या गप्पा, पुस्तकांचा हावरा नॉरेल. काटा कुठे आहे?

पुढचा कथाभाग कृपया फोडू नका. फोडलाच तर आधी इशारा द्या.

जुनं बाड

आधी आराखडा सांगतो, म्हणजे धीर येईल. एकूण ६९ प्रकरणं, तीन खंड. पहिला नॉरेलचा (१ ते २२), दुसरा स्ट्रेंजचा (२३ ते ४४), तिसरा जॉन अस्कग्लासचा (४५ ते ६९). स्ट्रेंजच्या घराची ओळख १४व्या प्रकरणात होते, पण तो जादूला हात घालतो ते २२व्यात. म्हणजे पहिला खंड ही प्रस्तावना नाही, ती स्वतंत्र गोष्ट आहे, आणि तिचा नायक मुद्दाम न आवडण्याजोगा ठेवलेला आहे. हे ठाऊक असलं की 'अजून का येत नाही' ही चुळबुळ थांबते.

आता तळटिपा. दोनशेच्या आसपास आहेत. त्या सोडू नका. तिसरा खंड ज्याच्या नावावर आहे तो डोमकावळ्यांचा राजा, जॉन अस्कग्लास, प्रत्यक्ष पानांवर जवळजवळ येतच नाही. त्याने उत्तर इंग्लंडवर १११० ते १४३४ राज्य केलं, परलोकात, म्हणजे फेअरींच्या जगात, त्याचं आणखी एक राज्य होतं, तिसरं म्हणे नरकाच्या पलीकडे होतं, लोक त्याची शपथ घ्यायचे, त्याच्या वाटा अजून कुठे कुठे उघड्या आहेत, यातला मोठा भाग टिपांमधून थेंबाथेंबाने झिरपतो. टिपा सोडून वाचणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते : शेवट एकदम कुठून आला कळलं नाही. तो एकदम येत नाही, पानाच्या तळाशी सातशे वर्षांपासून चाललेला असतो.

पण लागलीच उडी मारायचीही गरज नाही. असं करा :

टीप एक-दोन ओळींची असेल तर तिथल्या तिथे. अर्ध्या पानापेक्षा मोठी असेल तर प्रकरण संपल्यावर, सुटी गोष्ट म्हणून वाचा. काही टिपा दोन-तीन पानं चालतात आणि त्यांना स्वतःचा आरंभ-मध्य-अंत असतो. नॉटिंगहॅमच्या जादूगाराची अंगठी पळवणाऱ्या बाईची टीप त्यातली. ती मधेच वाचलीत तर वरचा संवाद नक्की तुटणार. नुसत्या ग्रंथनाम आणि सालाच्या ज्या टिपा आहेत त्यांच्यावरून नजर फिरवली तरी चालते, एवढं फक्त बघा की ग्रंथकार सुवर्णयुगीन आहे की रजतयुगीन.

हा भेद लक्षात ठेवाच. सुवर्णयुगीन म्हणजे अस्कग्लासच्या परंपरेतले, प्रत्यक्ष जादू करणारे : थॉमस गॉडब्लेस, राल्फ स्टोकसी, विंचेस्टरची कॅथरीन, आणि त्यांच्यातला शेवटचा मार्टिन पेल. रजतयुगीन म्हणजे नंतरचे, जादूबद्दल लिहिणारे पण स्वतःला फारसं न जमणारे. बेलासिस, लँचेस्टर ही मंडळी. नॉरेल सतत दुसऱ्या गटाचे दाखले देतो आणि पहिल्याचं नाव निघालं की कावराबावरा होतो. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे, आणि ते त्याच्या तोंडून कधीच सरळ येत नाही.

शब्दांची एक अडचण : लेखिका १८१०च्या आसपासचं स्पेलिंग वापरते. 'शो' ती एस-एच-ई-डब्ल्यू लिहिते, 'चूज' सी-एच-यू-एस-ई, 'सोफा' एस-ओ-पी-एच-ए. ई-रीडरच्या कोशाला हे सापडत नाहीत. छपाईची चूक समजू नका, उच्चारून बघा, शब्द लगेच ओळखू येतो.

रुईची म्हातारी

काट्याबद्दल मी लिहिते.

तो तुमच्या हातून निसटला आहे, कारण लेखिका आवाज चढवत नाही. तिसऱ्या प्रकरणाकडे परत जा. यॉर्कच्या कॅथीड्रलमधले दगडी पुतळे बोलू लागतात. गंमत म्हणूनच आपण वाचतो, एकाच वेळी सगळे आपापलं गाऱ्हाणं सांगताहेत, कोणी जुन्या बोलीत, कोणी लॅटिनमध्ये. आणि त्या गलबल्यात उंचावरची एक छोटीशी दगडी आकृती आक्रोश करते की शतकांपूर्वी इथे एका मुलीचा खून झाला, तिच्या केसांत आयव्हीची पानं होती, आणि पाहणारे फक्त दगड होते. बस. पुढे परिच्छेद चालू. कोणी थांबत नाही, कोणी त्या मुलीचं नाव विचारत नाही. एवढी वर्षं तो दगड सांगायला आतुर होता आणि ऐकणाऱ्यांना कौतुक फक्त दगड बोलल्याचं. या कादंबरीतली भीती अशी आहे. ती वाक्याच्या मध्यावर येते आणि वाक्य सभ्यपणे पुढे निघून जातं.

दुसरी जागा, आठवं प्रकरण. मंत्री सर वॉल्टर पोल यांची वाग्दत्त वधू मिस विंटरटाउन मरण पावली आहे, नॉरेल तिला उठवण्यासाठी रुईच्या म्हातारीसारख्या केसांच्या त्या गृहस्थाला बोलावतो. सौद्यात तिचं अर्धं आयुष्य जाणार. नॉरेल काय धरून चालतो? की उरलेल्या वर्षांपैकी पुढची अर्धी जातील, म्हणजे ती थोडी लवकर मरेल, इतकंच. 'अर्धं' म्हणजे कुठलं अर्धं, हे तो विचारतच नाही. मेलेल्या माणसावर उपकार करण्याच्या आणि मंत्र्याला खूश करण्याच्या घाईत एका शब्दाचा अर्थ ठरवायचा राहून जातो. खूण म्हणून डाव्या हाताची करंगळी नेली जाते. तुमचं हे वाचून झालंय. १५वं आणि १६वं प्रकरण आलं की 'अर्धं' कसं मोजलं गेलं ते कळेल, तेव्हा आठवं पुन्हा उघडा. करारनामे वाचायची सवय असलेल्या माणसाला ते प्रकरण दुसऱ्यांदा वाचताना जास्त त्रास होतो.

एक मराठी अडचण मुद्दाम सांगते, कारण तिच्यामुळे बरेच वाचक इथे घसरतात. 'फेअरी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परी येते : पंख, कांडी, झगा. ते चित्र पुसून टाका. इथला फेअरी आपल्या यक्षाच्या जास्त जवळचा आहे. सामर्थ्यवान, देखणा, देणारा, आणि लहरी. प्रसन्न झाला तरी धोका, रागावला तरी धोका. ज्या जखिणीला आपण घाबरतो तिचं नावही यक्षिणीवरूनच आलं आहे, हे लक्षात घेतलं तर सूर लागतो. हिरव्या कोटातला हा गृहस्थ स्वतःला कधीच दुष्ट समजत नाही. स्टीफन ब्लॅक हा सर वॉल्टरचा खानसामा त्याला आवडतो म्हणून तो त्याला राजा करायला निघतो. स्टीफनला काय हवं, हे विचारायचं त्याच्या मनातही येत नाही. त्याची प्रत्येक भेट ही शिक्षा ठरते आणि त्याला पावतीला आभार हवे असतात.

आणि ज्याला चकवा लागणं माहीत आहे त्याला 'लॉस्ट-होप' (या गृहस्थाचा वाडा) समजवावं लागणार नाही. रोज रात्री तेच दालन, तीच मिरवणूक, तोच नाच, तीच उदास घंटा. पाय चालतात, वाट संपत नाही.

घाटमाथा

दुसऱ्या खंडात स्पेन-पोर्तुगालची प्रकरणं येतील (२९ आणि ३१), तिथे बरेच जण कंटाळतात. मराठी वाचकाने कंटाळू नये याचं एक कारण आहे.

त्यात जो लॉर्ड वेलिंग्टन येतो तो आपल्या इतिहासातला आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ला जालन्याजवळ असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला तो. त्यानंतर त्याच वर्षी अडगाव आणि गाविलगड. वेलिंग्टन ही पदवी त्याला नंतर, १८०९ला मिळाली. असईच्या लढाईतला एक तपशील कादंबरी वाचताना फार उपयोगी पडतो. केळणा नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत होते. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा यांच्यामध्ये ये-जा असणारच, म्हणजे उतार असणारच, असा त्याने तर्क केला. तो खरा निघाला.

आता कादंबरीतला वेलिंग्टन बघा. स्ट्रेंज त्याच्याकडे भारी भारी जादू घेऊन जातो, आणि याला त्यातलं काहीच नको. त्याला काय हवं? रस्ते. फौज आणि तोफा चिखलात रुतताहेत. हे स्ट्रेंजला कधी कळतं, तर सेनापतीच्या तंबूबाहेर ताटकळणं सोडून शिपायांच्या शेकोटीला जाऊन बसल्यावर. मग तो रोज फौजेपुढे रस्ता घालतो आणि फौज गेली की तो नाहीसा होतो, म्हणजे फ्रेंचांना त्याचा उपयोग नाही. लेखिकेने हा माणूस नीट ओळखला आहे. नदीपेक्षा उताराचा विचार करणारा सेनापती जादूगाराकडे रस्ताच मागेल.

३१वं प्रकरण मात्र रात्री वाचू नका. तोफा कुठे नेल्या हे विचारायला स्ट्रेंज मेलेल्या नेपल्सच्या शिपायांना उठवतो. ते उठतात, नरकाची भाषा बोलतात, माहिती देतात. आणि त्यांना परत कसं झोपवायचं हे त्याला ठाऊक नसतं. जादू अर्धवट शिकलेल्या माणसाची चूक म्हणजे काय ते तिथे दिसतं : मंत्राचा पहिला भाग पुस्तकात होता, दुसरा नव्हता.

कालक्रमासाठी एक खूणगाठ : कथा १८०६च्या शरदात सुरू होते आणि १८१७च्या वसंतात संपते. म्हणजे वसईच्या तहानंतरचा दुसरा बाजीराव ते खडकीच्या लढाईच्या काही महिने आधी. तेवढा काळ मनात धरला की घोडागाड्या, मेणबत्त्या, पत्रांना लागणारे दिवस हे सगळं आपोआप जागेवर बसतं.

सांजवात

वर सगळ्यांनी बाजू मांडली आहे, मी थोडी विरुद्ध बोलते. पुस्तक माझ्या आवडीचं आहे, तरी दोन गोष्टी खुपतात.

पहिली, दुसऱ्या खंडाचा मधला भाग सैल आहे. युद्ध संपून स्ट्रेंज लंडनला परततो तिथपासून नॉरेलशी फाटेपर्यंत एकाच मतभेदाची उजळणी होते. ड्रॉलाइट आणि लॅसेल्स या दोन लोचटांना जेवढी पानं मिळतात तेवढी आवश्यक नाहीत.

दुसरी जास्त गंभीर. लेडी पोल (लग्नानंतरची मिस विंटरटाउन) आणि स्ट्रेंजची बायको अॅराबेला या दोघी कथेचा कणा आहेत, आणि दोघींना बोलायला जागा जवळपास नाही. एकीचं तोंड जादूनेच बांधलेलं, दुसरी नवऱ्याच्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यामागे. याचं समर्थन असं करतात की त्यांना न ऐकणं हाच विषय आहे. मान्य. पण विषय तो असला तरी वाचकाला त्यांच्यासोबत बसायला पानं हवी होती.

जुनं बाड

सांजवात, दुसऱ्या मुद्द्यावर एकच भर. बायका वरच्या मजकुरात कमी आहेत, टिपांमध्ये नाहीत. विंचेस्टरची कॅथरीन खुद्द अस्कग्लासची शिष्या. 'शॅडो हाउस' जिच्या नावाने ओळखलं जातं ती मारिया अॅब्सलम. ती अंगठी पळवणारी, आणि तिला सामोरी जाणारी नॉटिंगहॅमच्या जादूगाराची मुलगी. जुन्या इंग्लंडात जादू बायकांच्याही हातात होती, नॉरेलच्या काळात ती फक्त पुरुषांच्या दिवाणखान्यात उरली, ही घसरण तळटिपा आणि मजकूर शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. म्हणूनच सोडू नका म्हणतो आहे. पानं कमी पडली हे तुमचं म्हणणं मात्र खोडता येत नाही. २००६चा 'द लेडीज ऑफ ग्रेस अॅड्यू' हा आठ कथांचा संग्रह त्याची बरीच भरपाई करतो. त्यातली मिसेस मॅबची गोष्ट या कादंबरीच्या कुठल्याही प्रकरणाइतकी थंडगार आहे.

ऐकीव

फक्त साधनांबद्दल.

छापील पुस्तक मिळालं तर तेच घ्या. पेपरबॅक हजार पानांच्या घरात जातं, जाडजूड आहे, पण टीप त्याच पानाच्या तळाशी असते, नजर खाली नेऊन वर आणायची एवढंच. ई-रीडरवर वाचायचंच असेल तर टिपेच्या आकड्यावर टिचकी मारल्यावर छोटी चौकट उघडते का ते सेटिंगमध्ये बघा. काही प्रतींमध्ये चौकट उघडत नाही, थेट मागच्या पानावर नेऊन सोडते. तसं असेल तर प्रकरण सुरू करण्यापूर्वी त्याच्या टिपा कुठून कुठवर आहेत तिथे खूण घालून ठेवा.

ऑडिओ सायमन प्रेबल यांच्या आवाजात आहे, सुमारे ३२ तास. टिपा मजकुराच्या ओघातच वाचलेल्या आहेत, त्यामुळे लांब टीप आली की मूळ प्रसंग कुठे होता ते विसरायला होतं. पहिल्या वाचनाला तो नको, दुसऱ्या वेळी छान वाटतो.

बीबीसीची मालिका २०१५ची, सात भाग. नॉरेल एडी मार्सन, स्ट्रेंज बर्टी कार्व्हेल. चांगली आहे, पण तळटिपांचा इतिहास तिच्यात मावणं शक्यच नव्हतं, म्हणून अस्कग्लास पातळ झाला आहे. आधी पुस्तक.

पानखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरं आणि आठवं प्रकरण पुन्हा वाचलं. तो छोटा दगड पहिल्या वाचनात खरंच नजरेतून सुटला होता.

१६वं आणि त्यापुढचं थोडं वाचून झालं, म्हणून एक नवा प्रश्न. लेडी पोल आपली व्यथा सांगायला तोंड उघडते आणि भलत्याच गोष्टी बाहेर पडतात. ही केवळ बडबड समजून पुढे जायचं का?

रुईची म्हातारी

नाही, मुळीच नाही. (इथून पुढे थोडा कथाभाग फुटतो. नको असेल तर थांबा.)

तिला गप्प केलेलं नाही, हे नीट बघा. गप्प असती तर कोणीतरी विचारलं असतं. तिला बोलू दिलं आहे, फक्त बोलणं तिच्या हातात ठेवलेलं नाही. ती जे बोलते त्या परलोकातल्या जुन्या हकिकती आहेत, नावागावांसकट. पण ऐकणारे डॉक्टर, नवरा, नॉरेल या सगळ्यांना फक्त वेड दिसतं. ही युक्ती साध्या मौनापेक्षा कितीतरी क्रूर आहे, कारण प्रत्येक प्रयत्नाने तिची साक्ष आणखी कच्ची होत जाते. स्टीफनचीही तीच गत.

तिच्या गोष्टी जिथे जिथे येतील तिथे पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. पुढे तिला यॉर्कशरला स्टेअरक्रॉसला नेतात, तिथे सेगंडस असतो. यॉर्कच्या सभेत इंग्लंडात आता जादू का होत नाही असा प्रश्न विचारणारा, आणि पुढे नॉरेलच्या करारावर सही न करणारा एकटा माणूस. त्याला तिच्या तोंडाशी एक लाल-पांढरं गुलाब दिसतं. त्याच्यासोबतच्या सज्जन हनीफूटला दिसत नाही. नॉरेलचा माणूस चिल्डरमास, त्याला दिसतं. कोणाला दिसतं आणि कोणाला नाही, याची नोंद ठेवा. अख्ख्या कादंबरीत जादूगार कोण, हे लेखिका पदव्यांनी सांगत नाही, अशा ठिकाणी सांगते.

आणि ती करंगळी विसरू नका. ५४व्या प्रकरणात एक छोटी डबी येते. प्रकरणाच्या नावातच तिचा रंग दिलेला आहे, आणि तो लाल, निळा, करडा असा कुठलाही नाही, काळजाला पीळ पडतो तेव्हाचा रंग आहे. आत काय असेल ते आठवं प्रकरण दोनदा वाचलेल्या माणसाला डबी उघडण्याआधी कळतं.